गळा बदलायचा तर शिलाई वेगळी: मराठी पोर्टल आणि कंटेंट एजन्सीच्या संपादकांना खुलं पत्र

संपादक मंडळी,

सप्रेम नमस्कार.

मागच्या मंगळवारी रात्री साडेदहाला तुमच्यातल्याच एका एजन्सीचा मेल आला, विषय 'अपडेटेड फ्रीलान्सर पॉलिसी'. भांडी आवरून नुकतीच बसले होते, म्हटलं रेट वाढवला की काय. वेडी आशा. आत दोन वाक्यं ठळक केलेली. पहिलं, इथून पुढे रिव्हिजन अनलिमिटेड, म्हणजे संपादकाचं समाधान होईपर्यंत लेखकाने लेख बदलून देत राहायचं, त्याचे वेगळे पैसे नाहीत. दुसरं, पैसे लेखकाने दिलेल्या शब्दांचे नाही तर पब्लिश झालेल्या शब्दांचे मिळतील. खाली सही करायची लिंक, शुक्रवार संध्याकाळपर्यंत मुदत, सही नाही तर पुढचं काम नाही.

शुक्रवार गेला. मी सही केलेली नाही.

त्या एजन्सीचं नाव घेत नाही. एक तर ही अट त्यांच्याकडे आज कागदावर आली, बाकीच्यांकडे कागदाशिवाय वर्षानुवर्षं चालूच आहे, मग एकाच्याच नावाने शिमगा कशाला. आणि दुसरं, खरं कारण, मला अजून काम करायचंय आणि तुमचं जग लहान आहे, आज इथे असलेला संपादक सहा महिन्यांनी दुसऱ्या पोर्टलवर असतो. पण गप्पही बसवत नाही म्हणून सगळ्यांना मिळून एकच पत्र लिहितेय, आणि उघडं लिहितेय, कारण खासगीत लिहिलेल्या मेलला काय उत्तर येतं ते मला पाठ आहे. 'नोटेड, टीमशी बोलून सांगतो.'

मी साताऱ्यात राहते, नऊ वर्षं झाली मराठीत ऑनलाइन लिहिते. उपवासाचे दहा पदार्थ लिहिलेत, एसआयपी म्हणजे काय लिहिलंय (किमान अकरा वेळा), पावसाळ्यात केस का गळतात तेही लिहिलंय. त्यातलं काही थोर नाही, मला माहितीय. पण घरातलं वायफाय, वीजबिल आणि मुलीच्या शाळेची व्हॅन या लिखाणावर चालते. बाकीचं घर आईच्या शिवणकामावर.

आईचं सांगायलाच हवं कारण हे पत्र तिच्यामुळेच सुचलं. ती गेली तीस-पस्तीस वर्षं ब्लाउज शिवते. मशीनच्या मागे भिंतीवर पुठ्ठ्यावर स्केचपेनने लिहिलंय: 'फिटिंग फुकट. गळा बदलायचा तर शिलाई वेगळी.' बाई आली, दंडात घट्ट होतंय म्हणाली, आई त्याच दिवशी उसवून देते, एक पैसा घेत नाही, तिची चूक आहे. पण बाई आली आणि म्हणाली की आता मला बोटनेक नको, जावेने शिवलाय तसा मटका गळा पाहिजे, तर आई शांतपणे पुठ्ठ्याकडे बोट दाखवते. आजवर एकाही बाईने यावरून भांडण केलेलं मी पाहिलं नाही, कारण ते सगळ्यांना पटतं. माझी चूक मी सुधारणार, तुमचा विचार बदलला तर त्याचे पैसे तुम्ही देणार. मी तिला त्या मेलमधली अनलिमिटेडची भानगड सांगितली तर ती मशीन थांबवून म्हणाली, म्हणजे गिऱ्हाईक वर्षभर रोज येऊन नवीन गळा मागणार आणि तू शिवत बसणार? बरी आहेस ना?

माझी तक्रार रिराइट या गोष्टीबद्दल नाहीये, हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल हिला एडिटिंग सहन होत नाही. मराठीत संपादनाची परंपरा काही आजची नाही. दिवाळी अंक १९०९ पासून निघताहेत. सत्यकथा मासिकात श्री. पु. भागवत, राम पटवर्धन ही संपादक मंडळी लेखकांना पत्रं लिहून लिहून कथा पुन्हा लिहायला लावायची, त्यावर लोक चिडलेसुद्धा, सत्यकथेची होळीही झाली. पण पत्र लिहायची हो ती माणसं. काय खटकलं, कुठे खटकलं, का खटकलं. लेखकाला न पटो, पण समोरच्याने आपला मजकूर वाचलाय एवढं तरी कळायचं.

मलाही असा एक संपादक भेटलाय. एका छोट्या दिवाळी अंकाचे होते, वयस्कर, मानधन म्हणजे अंकाची प्रत आणि पाचशे रुपये. त्यांनी माझा लेख तीनदा लिहून घेतला. पहिल्यांदा फोन करून एकच प्रश्न विचारला, 'ताई, पहिले दोन परिच्छेद कोणासाठी लिहिलेत? मला तर तिसऱ्यापासून पुढे वाचावंसं वाटलं.' मी फोन ठेवला, लेख उघडला, आणि खरंच ते दोन परिच्छेद मी माझ्याचसाठी लिहिले होते, आपण किती वाचलंय ते दाखवायला. उडवले. तीनदा लिहूनसुद्धा मला राग आला नाही, उलट त्या लेखात मी जे शिकले ते पुढे सात-आठ वर्षं पुरलं. आता याच्याशेजारी मला व्हॉट्सॲपवर आलेले शेरे ठेवते, शब्दशः: 'थोडं क्रिस्प करा.' 'फ्लेवर कमी वाटतोय.' 'छान आहे पण अजून मजा येऊ शकते.' 'एकदा फ्रेश आयने बघा ना.' एकदा तर नुसता विचार करणारा इमोजी आला, सोबत माझाच लेख परत जोडलेला. यातून मी नेमकं काय बदलायचं? क्रिस्प म्हणजे शब्द कमी की वाक्यं छोटी की विनोद जास्त? विचारलं तर म्हणणार, 'तुम्हाला कळेल, तुम्ही सीनियर आहात.'

आता कासची गोष्ट, कारण मुद्दे नुसते सांगितले तर तुम्हाला वाटेल उगाच कुरकुर आहे.

एका पोर्टलने कास पठारावर लेख मागितला. ८०० शब्द, शब्दाला ५० पैसे, म्हणजे ४०० रुपये. ब्रीफ, म्हणजे काय आणि कसं लिहायचं त्याची सूचना, फोनवर, तीन मिनिटं: 'लोकल टच पाहिजे, तुम्ही साताऱ्याच्याच आहात, तिथे जाऊन आल्यासारखं वाटलं पाहिजे.' म्हटलं वाटायला कशाला पाहिजे, जाऊनच येते. इथून पंचवीसेक किलोमीटर, स्कूटीवर गेले, सप्टेंबरचा महिना, जांभ्याच्या कातळावर इंचभर मातीत तेरडा आणि गेंद नुसते पसरलेले. जाणकार माणसांशी बोलून लेख लिहिला. कास २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत पश्चिम घाटाबरोबर कसं गेलं, फुलं एवढ्या पातळ मातीत का येतात, पायवाट सोडून कातळावर चालू नका असं का सांगतात, आणि टोपली कारवी दर सात वर्षांनी फुलते ती कथा.

पहिला रिराइट आला: इंट्रो लांब आहे. मान्य. नमनाला घडाभर तेल जाळायची मला खोडच आहे. कापला, अर्ध्या तासात पाठवला. ही फिटिंग, फुकट.

दुसरा: 'लिस्टिकल करा, कासला जाण्याची १० कारणं.' म्हणजे पूर्ण लेख मोडून परत बांधायचा. दहा कारणं नव्हतीच, सात होती, तीन ओढूनताणून काढली, त्यातलं एक 'फोटो छान येतात'.

मग संपादक बदलले. नवीन आलेले म्हणाले, 'मॅडम लिस्टिकल आता डिस्कव्हरला उचलत नाही, फ्लोमध्ये लिहा ना, अनुभव सांगितल्यासारखं.' (डिस्कव्हर म्हणजे गूगल फोनवर आपणहून लेख सुचवतं ते.) मी माझा पहिला ड्राफ्ट जसाच्या तसा पाठवला. हो, पाठवला, लपवत नाही. उत्तर आलं, 'वा, आता बघा कसं झालंय.' तुम्ही हसाल, मी त्या रात्री हसले नाही.

चौथा रिराइट एसईओच्या, म्हणजे लेख गूगलवर वर दिसावा हे बघणाऱ्या, मुलाकडून: 'कास पठार कसे जायचे' हे शब्द आठ वेळा आले पाहिजेत, नाहीतर प्लगइनचा दिवा हिरवा होत नाही. अहो, 'कास पठार कसे जायचे' असं जिवंत मराठी माणूस बोलत नाही, 'कासला कसं जायचं' म्हणतो. पण दिव्याला विभक्ती कळत नाही त्यामुळे आम्हीपण विसरायची. आणि ही शब्द मोजायची हौस नेमकी कोणाची आहे? शब्दसंख्येबद्दल तर गूगलने स्वतःच्या मार्गदर्शनात सरळ लिहून ठेवलंय की आमची अशी कुठलीही पसंतीची शब्दसंख्या नाही, तरी तुम्ही मला '८०० म्हणजे ८००, ७८० चालणार नाही' म्हणून वीस शब्द भरायला लावता.

पाचवा मला सगळ्यात आवडता. कासला एक नाजूक जांभळं-निळं फूल येतं, त्याला लोक सीतेची आसवं म्हणतात, आणि ती वनस्पती चक्क कीटक खाणारी आहे, बारीक पिशव्यांमध्ये जीव अडकवते. मला वाटलं होतं ही ओळ वाचून लोक थांबतील. कॉमेंट आली: 'इथे धार्मिक अँगल वाढवता येईल का? कीटकांचं काढा, निगेटिव्ह वाटतं.'

शेवटी लेख लागला. मथळा, 'साताऱ्यातील या पठारावर दर १२ वर्षांनी घडतो चमत्कार, पाहून व्हाल थक्क!' बारा. मी सात लिहिलं होतं, पाचही ड्राफ्टमध्ये सात आहे, व्हर्जन हिस्ट्री बघा. कोणीतरी शेवटच्या क्षणी नेटवर बघितलं असणार, तिथे केरळातल्या मुन्नारची नीलकुरिंजी सापडली असणार, ती बारा वर्षांनी फुलते, २०१८ ला फुलली होती आता २०३० ला येईल, आणि मुन्नारचं फूल साताऱ्याला आणून लावलं. खाली नाव माझं. वर भर म्हणून माझ्या 'दऱ्या' होत्या त्या तुमच्या सीएमएसमध्ये, म्हणजे लेख लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये, पेस्ट होताना 'दर्या' झाल्या. म्हणजे पठाराच्या दोन्ही बाजूंना खोल समुद्र. शाळेत आचाऱ्यांना आणि आचार्यांना हा फरक शिकवतात तो याचसाठी शिकवतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्यांच्याशी मी कासबद्दल बोलले होते त्यांच्यापैकी एकाचा फोन. 'ताई, तुम्ही साताऱ्याच्या असून असं कसं लिहिलंत? तुम्हाला मी स्वतः सात सांगितलं होतं.' काय उत्तर देणार मी? माझ्या संपादकाने बदललं म्हणाले तर ते खरं असूनही शाळेतल्या पोराच्या सबबीसारखं वाटतं. बाजारात गेले की मी लोकांना तोंड देते, तुमचं डेस्क नाही देत.

पैसे आले ३१० रुपये. कारण छापताना ८०० चे ६२० शब्द उरले होते. सगळं मिळून त्या लेखावर माझे अकरा तास गेले, जाण्यायेण्याचे धरून. तासाला २८ रुपये पडले, पेट्रोल माझं.

तर आता ती नवीन पॉलिसी परत वाचा. अनलिमिटेड रिव्हिजन, पैसे पब्लिश झालेल्या शब्दांचे. म्हणजे वरचं सगळं जे गलथानपणामुळे झालं असं मी समजून घेत होते, तोच आता नियम. आणि शब्द कापायचा हक्क तुमचा असल्यावर माझं बिल किती हे पण तुम्हीच ठरवणार, कात्री जितकी चालेल तितकं तुमचं स्वस्त. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते.

ट्रायल आर्टिकल. नवीन ठिकाणी काम मागायला गेलं की 'एक सॅम्पल लिहून द्या, विषय आम्ही देतो' म्हणतात, फुकट. द्यायला हरकत नाही, पण माझी दोन सॅम्पल 'सिलेक्ट झाली नाहीत' असं कळवल्यावर नंतर पोर्टलवर लागलेली मी स्वतः वाचलीत, एकावर 'टीम' असं नाव होतं. नापसंत लेख छापता कशाला?

भाषा. तुमच्याकडे एक संपादक 'केलं'चं 'केले' करतो, पुढचा 'केले'चं 'केलं', आणि दोघेही लाल रंगात. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये १४ झाले, १९७२ मध्ये आणखी ४, एकूण १८, एका कागदावर मावतात, त्यावर तुमची स्वतःची जी काही शैली असेल ती अर्ध्या पानावर लिहून द्या, आम्ही पाळू. पण ती लिहिलेली तर हवी. आणि कृपा करून 'खुलासा' थांबवा. मराठीत खुलासा म्हणजे स्पष्टीकरण, ऑफिसात उशिरा आलं की देतात तो. 'अभिनेत्रीने केला धक्कादायक खुलासा' हा हिंदीतला खुलासा आहे. मी 'सांगितलं' लिहिते, तुम्ही 'खुलासा' करता, आणि मग वाचक कॉमेंटमध्ये माझ्या मराठीची कीव करतात. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा तुमच्यापैकी प्रत्येकाने त्यावर चार-चार बातम्या लावल्या होत्या, दोन तर मीच लिहिल्या, त्यातल्या एकीत मंत्र्यांनी खुलासा केला होता.

एआय. हे जरा नाजूक आहे. गेल्या वर्षी माझा एक लेख परत आला, सोबत स्क्रीनशॉट, '७८% एआय'. विषय होता आईच्या आजीचं गोधडी शिवणं. मी तो लेख वहीत लिहिला होता आधी, वहीचे फोटो पाठवले, तर म्हणाले 'आम्हाला मान्य आहे मॅडम पण टूल फ्लॅग करतंय, थोडं बदलून द्या'. म्हणजे माणसाने लिहिलेलं मशीनला माणसासारखं वाटावं म्हणून माणसाने बदलायचं! ओपनएआय, म्हणजे ज्यांनी चॅटजीपीटी केलं त्यांनीच, असं ओळखणारं एक साधन काढलं होतं, ते स्वतःच तेव्हा सांगत होते की हे फक्त इंग्रजीसाठी वापरा, बाकीच्या भाषांत बरंच वाईट चालतं, आणि जुलै २०२३ मध्ये अचूकता कमी म्हणून त्यांनी ते बंद करून टाकलं. ज्यांनी यंत्र बनवलं त्यांना जमलं नाही, आणि तुम्ही कुठल्यातरी फुकट वेबसाइटवर मराठी गोधडी टाकून टक्केवारी काढता. यातली गंमत अशी की त्याच महिन्यात तुमच्यातल्याच दुसऱ्या कोणी मला एआयने लिहिलेले तीस लेख पाठवले, 'ह्यूमनाइज करून द्या, शब्दाला १५ पैसे'. एकीकडे मी मशीन आहे म्हणून लेख परत, दुसरीकडे मशीनने केलेलं माणसाचं करून द्या. नक्की काय हवंय ते ठरवा एकदा. (ते तीस लेख मी केले. मे महिना होता, व्हॅनवाल्याचे दोन महिन्यांचे द्यायचे होते.)

पैसे कधी येतात यावर लिहायला बसले तर दुसरं पत्र होईल. 'अकाउंट्सला पाठवलंय' हे वाक्य मी स्वप्नातपण ऐकते. एकदा टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर, कापला, बरोबर आहे, कापा, पण तो २६एएसमध्ये, म्हणजे माझ्या नावावर भरलेला कर दाखवणाऱ्या सरकारी पत्रकात, दिसायला तर हवा, तो दिसला नाही म्हणजे माझ्याकडून कापला आणि पुढे भरलाच नाही, विचारलं तर सीए सुट्टीवर. तुमच्या माहितीसाठी सांगते, मी आता उद्यम या सरकारी पोर्टलवर नोंदणी केलीय, सूक्ष्म उद्योग म्हणून, फुकट होते, आधार आणि पॅन लागतं. २००६ च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या, कायद्यात लेखी करार असला तरी ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत लावता येत नाही, करार नसेल तर १५ दिवस, आणि त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. २०२३ च्या अर्थसंकल्पात तर अशी तरतूद आली की सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी करातून वजा दाखवता येत नाही. धमकी नाही देत. ३१० रुपयांचं व्याज मागायला मी कुठे जाणार नाही. पण सगळ्या लेखकांचं मिळून तुमच्याकडे किती अडकलंय ते तुमच्या सीएला विचारा, सुट्टीवरून आला की.

आणि तो करार, ज्यावर सही मागताय, त्यात 'सर्व हक्क कायमस्वरूपी, जगभर, सर्व माध्यमांत' असं लिहिलंय. ३१० रुपयांत जगभर! कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे, त्यात साधी गोष्ट आहे की मी तुमची नोकर नाही तेव्हा वेगळं काही लिहून दिल्याशिवाय लेखाची पहिली मालक मी, आणि हक्क देताना मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं धरली जाते. म्हणूनच बहुतेक तुम्ही 'कायमस्वरूपी' घातलंय, तुमच्या वकिलाला कायदा येतो. पण त्याच कायद्याच्या ५७ व्या कलमात असंही आहे की हक्क विकले तरी लेखकाच्या नावलौकिकाला धक्का लागेल अशी मोडतोड करता येत नाही. मुन्नारचं फूल साताऱ्यात लावणं यात बसतं की नाही ते मला माहीत नाही, पण सकाळच्या त्या फोननंतर माझ्यापुरतं तरी बसतं.

आता तुमच्या बाजूचंही मला थोडं दिसतं, अगदीच आंधळी नाही मी. तुमच्यातला जो पोरगा मला 'क्रिस्प करा' लिहितो त्याला शिफ्टमध्ये दहा-बारा बातम्या लावायच्या असतात, समोर स्क्रीनवर आकडे पळत असतात, वरचा त्याला विचारतो व्ह्यू का नाहीत, त्याचा पगारही ऐकलाय मी. माझ्यासोबत लिहिणारी एक मैत्रीण तिकडे डेस्कवर गेली, तीन महिन्यांत तिचेच मेसेज मला येऊ लागले, 'अगं जरा फ्लेवर'. मी म्हटलं तू पण? म्हणाली, वाचायला वेळच नसतो गं, पहिल्या चार ओळी बघते आणि काहीतरी लिहायचं म्हणून लिहिते. हे तिने प्रामाणिकपणे सांगितलं म्हणून मला कळलं. म्हणजे जो लेख मी रात्री जागून परत लिहिते तो का परत आला याचं खरं उत्तर बऱ्याचदा 'वाचला नाही' हे आहे. तर वाचायला वेळ नसेल तर परत पाठवू नका, लावून टाका किंवा नाकारा, मी दोन्ही समजू शकते.

मला काय हवंय ते सरळ लिहिते.

ब्रीफ लेखी द्या, चार ओळींचं चालेल, व्हॉट्सॲपवर चालेल, पण लिहिलेलं. विषय, शब्द, कोणासाठी, लिस्ट की लेख, कीवर्ड असतील तर तेव्हाच. त्या ब्रीफप्रमाणे नसेल, माहिती चुकली असेल, भाषा गचाळ असेल तर दोनदा बदलून देईन, फुकट आणि लगेच. ब्रीफ तुम्ही बदललं, संपादक बदलले, डिस्कव्हरचं वारं फिरलं, तर ते नवीन काम, त्याचे निम्मे पैसे तरी द्या. पूर्ण मागत नाही, गळा बदलायचे आईपण पूर्ण शिलाई घेत नाही.

शेरे एकाच माणसाने एकदाच द्यावेत, तिघांनी तीन दिवशी नको. प्रत्येक शेऱ्यात कुठलं वाक्य आणि का, एवढं असू दे.

पैसे ठरलेल्या शब्दांचे, लेख स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत. तुम्ही नंतर कापा, वाढवा, छापू नका, तो तुमचा निर्णय. मागवून रद्द केलात तर निम्मे. ट्रायलचे पैसे द्या, नसतील द्यायचे तर छापू नका.

माझ्या नावाने जाणार असेल तर लावायच्या आधी शेवटची कॉपी मला दाखवा, मी तासाभरात बघून देते, आजवर कधी उशीर केला नाही. वेळ नसेल तर माझं नाव काढा, 'टीम' लिहा, मला चालेल. मथळ्यात मी न लिहिलेला आकडा, दावा, चमत्कार घालू नका. चूक झाली तर दुरुस्त करा आणि खाली एक ओळ टाका की दुरुस्त केलंय.

आणि त्या टक्केवारीच्या टूलवरून कोणाचा लेख परत पाठवू नका. शंका असेल तर फोन करा, लेखाबद्दल दोन प्रश्न विचारा, ज्याने लिहिलाय त्याला उत्तरं येतात.

ज्या एजन्सीची सही मुदत शुक्रवारी संपली त्यांना: तुमचा करार मी दुरुस्त करून परत पाठवलाय, अनलिमिटेडच्या जागी दोन, पब्लिशच्या जागी स्वीकृत, आणि कायमस्वरूपीच्या जागी पाच वर्षं. सजेस्टिंग मोडमध्ये आहे, प्रत्येक बदलाशेजारी कारण लिहिलंय. तुमच्याकडूनही रिव्हिजन आली तर चालेल, पहिल्या दोन माझ्याकडून फुकट.

तुमची,
साताऱ्याची एक फ्रीलान्सर

ता. क. कासच्या लेखात अजून १२ आहे. तीनदा कळवलंय. ७ करा.